बाराला नाव विचारत नाहीत

गाणगापूरला येऊन देवळात न जाणारा माणूस शकुबाईंनी उभ्या आयुष्यात पाहिला नव्हता. लोक इथं येतात ते देवासाठीच. कुणाला मूल हवं असतं, कुणाच्या सुनेच्या अंगात काही शिरलेलं असतं, कुणाला नुसती नवी गाडी लांब पळवून बघायची असते. पण उतरला की माणूस आधी देवळाच्या दिशेनं हात जोडतो आणि मग खोलीचा भाव विचारतो. हा राजपाल नावाचा पाहुणा मात्र एकटाच आला, देवळाकडे पाठ करून शकुबाईंच्या लॉजच्या ओट्यावर उभा राहिला आणि म्हणाला, "मागच्या अंगाची खोली मिळंल का?"

मागच्या अंगाची! तिथून ना देऊळ दिसतं ना रस्ता. तिथून दिसतं फक्त शकुबाईंच्या स्वयंपाकघराचं दार. शकुबाईंच्या मनात पाल चुकचुकली ती तेव्हाच.

तसा माणूस वाईट दिसत नव्हता, आणि हेच त्यांना जास्त खटकलं. साठी ओलांडलेली, इस्त्रीचा पांढरा शर्ट, बोलणं हळू. भालकी तालुक्यातल्या मेहकरचा, बसवर कंडक्टर होता, आता रिटायर झालेला. ओळखपत्र दाखवलं, तेही खरं होतं. पण माणूस कशाला आलाय ते ओळखपत्रावर थोडंच छापलेलं असतं! दुसऱ्या दिवशी तो देवळात गेला नाही, संगमावर आंघोळीलाही गेला नाही. त्याच्या पुढच्या दिवशी शकुबाईंनी मुद्दाम आरतीची वेळ सांगितली, तर "बरं" म्हणाला आणि मागच्या पायरीवर पेरू कापत बसला. इथं "श्री गुरुदेव दत्त" म्हटलं की समोरचाही तेच म्हणतो, झोपेतून उठवला तरी म्हणतो. हा नुसता "नमस्कार" म्हणायचा.

आणि बघायचा. पेरू कापता कापता, पेपर वाचता वाचता, तो अक्काकडे बघायचा.

आता अक्का कोण, हे सांगायला हवं, आणि तिथंच सगळी अडचण आहे. कारण अक्का कोण हे शकुबाईंनाही माहीत नव्हतं. गाणगापुरात रोज दुपारी बाराला दत्त महाराज भिक्षेला येतात अशी श्रद्धा आहे, आणि कुठल्या रूपात येतील याचा नेम नाही. म्हणून यात्रेकरू गळ्यात झोळी अडकवून घरोघर माधुकरी मागत हिंडतात, आणि म्हणूनच गावातली घरं त्या वेळी दारातल्या कुणालाही रिकाम्या हातानं पाठवत नाहीत. शकुबाईंच्या सासूनं त्यावर आपला एक नियम चढवला होता: बाराला आलेल्याला नाव-गाव विचारायचं नाही. नव्या नवरीच्या हौसेनं शकुबाईंनी एकदा एका गोसाव्याला "कुठले हो तुम्ही?" विचारलं, तर सासूनं हातावर चापट मारली होती. "देवाला नाव इचारायलीस का गं?"

माउली, म्हणजे शकुबाईंचा मुलगा, रांगत होता त्या वर्षी अशीच एक बाई बाराला दारात उभी राहिली. झोळी नव्हती, पदरच पसरलेला. तरणीताठी, पण डोळे विझलेले, तोंडातून शब्द नाही. देवळात तेव्हा अशा पुष्कळ जणी असायच्या. घरची माणसं त्यांना अंगातलं काढायला आणायची, आणि काहींची घरची माणसं परत न्यायला यायचीच नाहीत. सासूनं भाकरी वाढली. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा आली. मग एक दिवस आपणच ओटा झाडू लागली, मग भांडी घासू लागली, मग चुलीपुढे बसली, आणि पुढे सासूचं अखेरचं दुखणं काढलं तेही तिनंच. बोलायला लागली तेव्हा भाकरीचं बोलली, पाण्याचं बोलली, माउलीच्या तापाचं बोलली. स्वतःचं बोलली नाही, आणि बाराला आलेली म्हणून कुणी विचारलं नाही. सगळे अक्का म्हणू लागले. तिची ती दुपार या घरात कधी टळलीच नाही.

पुढे सासू गेली, नवरा रामकिशन गेला, माउली सोलापुरात औषधांच्या दुकानात लागला आणि सणावाराला येऊ लागला. सून दिवसभर शाळेत शिकवायला. शकुबाईंना रोज बोलायला, भांडायला, गुडघ्याला तेल लावून घ्यायला उरली ती अक्का. बाहेरून बघणाऱ्याला ती कामाची बाई वाटेल. शकुबाईंना ती नसेल त्या दिवसाची कल्पना करवत नव्हती. अशा अक्काकडे हा परका माणूस टक लावून बघतो, म्हणजे काय?

त्यातच माउलीनं सोलापूरहून नवा बोर्ड करून पाठवला. आजवर लॉजवर 'श्रीगुरू यात्री निवास' असं लिहिलेलं होतं. आता निळ्या अक्षरांत 'माउली गेस्ट हाऊस'. शकुबाईंच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

"ह्ये गेस्ट म्हंजे काय गं?" त्यांनी सुनेला विचारलं. सून शिवकन्या गावातल्याच हायस्कुलात इंग्रजी शिकवायची.

"पाव्हणा, आत्याबाई."

"मग पाव्हणा लिव्हायला काय धाड भरली व्हती?"

शिवकन्या हसली. तिला एक खोड होती: कुठलाही इंग्रजी शब्द दिसला की ती त्याची कुंडली काढायची. वर्गात मुलांना सांगायची आणि मुलं ऐकेनाशी झाली की घरी येऊन सासूला सांगायची. "लई जुना शब्द हाय हा. आता बोलावलेला पाव्हणा बी गेस्ट, पैसे देऊन खोलीत उतरलेला बी गेस्ट, कार्यक्रमात हार घालून खुर्चीवर बसवलेला बी गेस्टच. पण मुळात त्याचा अर्थ निराळा व्हता. अनोळखी माणूस. कुठला, कोण, काय ठाव न्हाई, तो गेस्ट."

शकुबाईंनी कान टवकारले. "अनोळखी?"

"व्हय. आणि त्याच मुळातनं तिकडं लॅटिन भाषेत एक शब्द निघाला. त्याचा अर्थ आधी परका, अन् मग हळूहळू शत्रू झाला. परका माणूस दारात आला तर तो जेवायला आलाय का लुटायला, हे कुठं कपाळावर लिहिलेलं असतंय? दोन्हीला मूळ एकच."

"अगं बाई! अन् पाव्हणचार करणारीला काय म्हणतेत?"

"होस्ट. त्ये बी त्याच कुळातलं. हॉटेल, हॉस्टेल, हॉस्पिटल, सगळी त्याचीच पिलावळ."

"म्हंजे पाव्हणा, शत्रू अन् मी, तिघं एका आईची लेकरं?"

"चुलत-मावस म्हणा."

"आपला अतिथी तरी बरा हाय का?"

"त्याची तिथी ठरलेली नसते म्हणून अतिथी, असं सांगतेत. काही जण म्हणतेत, हिंडणारा तो अतिथी. आपला पाव्हणा बी मूळचा हिंडणाराच."

शकुबाईंना हे भलतंच पटलं. इंग्रज लोक तसे शहाणे. पाहुण्याला पाहुणा म्हणता म्हणता त्याच्यावर नजर ठेवायची सोय शब्दातच करून ठेवली. त्यांनी मागच्या पायरीकडे पाहिलं, तर राजपालनं पेरू खाली ठेवला होता. तो ऐकत होता.

"मॅडम," तो म्हणाला, "मग त्या लोकांत पाव्हण्याला नाव-गाव इचारायचे का न्हाई?"

"जुन्या ग्रीक लोकांची रीत वाचलीय मी," शिवकन्या म्हणाली. "आलेल्याला आधी पोटभर जेवू घालायचं, अन् मग नाव इचारायचं. आधी न्हाई."

"पण इचारायचे."

"व्हय, जेवण झालं की इचारायचे."

"आमच्यात जेवण झालं तरी इचारत न्हाईत," शकुबाई ताठ मानेनं म्हणाल्या. "इथं अशी बी माणसं हाईत की जल्म गेला तरी कुणी इचारलं न्हाई."

हे त्यांनी मोठेपणानं सांगितलं होतं. राजपाल आत चुलीपुढे बसलेल्या अक्काकडे बघत राहिला आणि अक्कानं पदर कानामागे खोचला, मग पुन्हा सोडून तोंडावर ओढून घेतला. शकुबाईंच्या नजरेतून ते सुटलं नाही.

समोरच्या फुलांच्या दुकानातली भागम्मा ही शकुबाईंची जुनी मैत्रीण. कानडी तोंडानं मराठी बोलायची, पण बातमी पक्की असायची. तिनं दुसऱ्या दिवशी शकुबाईंना हात करून बोलावलं.

"शकक्का, ते तुझं पाव्हणं बरोबर न्हाई बघ. काल माझ्याकडं आलं. नारळ घेतलं न्हाई, फूल घेतलं न्हाई. इचारतंय, ते बाई कुठली? कवापासून हाय? नीट जेवायला घालतेत का तिला? मारतेत का?"

"मारतेत का?" शकुबाईंचा आवाज चढला. "मी? अक्काला?"

"मी सांगितलं, आमची शकक्का देवमाणूस हाय. पण तू जपून ऱ्हा. एकट्या बाया हेरतेत म्हणं असली माणसं. मुंबई-पुण्याला कामाला म्हणून नेतेत, अन् मग पत्ता न्हाई."

शकुबाई तडक घराकडे वळल्या. घरी आल्या तेव्हा राजपाल चहाला बाहेर गेला होता. चादर बदलायला हवी, असं त्या स्वतःशीच मोठ्यानं म्हणाल्या आणि त्याच्या खोलीत शिरल्या. चादर चांगली स्वच्छ होती. खुर्चीवर त्याची पिशवी होती, तिची चेन अर्धी उघडी. शकुबाईंनी आयुष्यात गिऱ्हाइकाच्या सामानाला हात लावला नव्हता. त्या दिवशी लावला.

आत एक कोरं लुगडं निघालं. हिरवं, मोठ्या काठांचं. त्याखाली कागदात गुंडाळलेल्या काचेच्या बांगड्या, आणि फडक्यात बांधलेली शेंगदाण्याची चटणी. एकटा पुरुष, देवाला न जाणारा, पिशवीत बाईचं लुगडं घेऊन हिंडणारा! भागम्माचं बोलणं त्यांना आठवलं. लुगडं-बांगड्या दाखवून भुलवायचं, दुसरं काय?

"सरळ इचारा की त्यांना," शिवकन्या संध्याकाळी म्हणाली. "न्हाई तर मी इचारते."

"तू मधी पडू नको."

सरळ विचारणं हाच उपाय होता, हे शकुबाईंना कळत नव्हतं असं नाही. पण आत कुठंतरी दुसरीच भीती बसलेली होती. तो चोर असला तर बरंच. चोराला हाकलता येतं. पण विचारलं आणि त्याच्याकडे खरंखुरं उत्तर निघालं तर? अक्कावर हक्क सांगणारं कुणी या जगात आहे, असं निघालं तर? इतकी वर्षं हा विचार त्यांनी कधी दारात उभा राहू दिला नव्हता. आता तो मागच्या खोलीत भाडं देऊन राहत होता.

त्यांनी दुसरा मार्ग काढला. माधुकरी रोज अक्का वाढायची. गावातल्या नेहमीच्या यात्रेकरूंना हे दार अक्काचं म्हणूनच ठाऊक होतं. शकुबाईंनी सकाळी फर्मान काढलं: आजपासून माधुकरी मी वाढणार, तू बारा वाजता धान्याच्या खोलीत बसायचं.

अक्कानं पिठाचे हात तसेच ठेवून त्यांच्याकडे पाहिलं. "माझी दुपार कामून काढून घ्यायलाव, बाई?"

"तुझे पाय दुखतेत."

"माझे पाय दुखत न्हाईत."

"माझे दुखतेत तुझ्याकडं बघून. सांगितलं तेवढं कर."

अक्कानं परातीत हात झटकले. मग म्हणाली, "तो माणूस बघतोय म्हणून व्हय? बघू द्या की."

म्हणजे हिलाही कळलं होतं! शकुबाईंनी भाकरीची टोपली ओढून घेतली आणि उगाचच झाकणावर झाकण आपटलं. अक्का उठून धान्याच्या खोलीत गेली. कडी आतून लावलीस का, असं विचारायचं त्यांच्या तोंडावर आलं होतं. पण बाहेरून लावून घ्यायची इच्छा आपल्याला झाली, याचीच त्यांना लाज वाटली.

बारा वाजले. गल्लीत "ॐ भवति भिक्षां देहि" सुरू झालं. आधी साताऱ्याकडच्या बायकांचा एक घोळका आला, मग पुण्याचे दोघे तरुण, झोळीसकट एकमेकांचे फोटो काढणारे. शकुबाई अर्धी अर्धी भाकरी आणि पळीभर वरण वाढत होत्या. "आज अक्का दिसत न्हाईत?" असं एकीनं विचारलं, त्याला उत्तर दिलं नाही. आणि घोळक्याच्या शेवटी त्यांना तो दिसला.

राजपाल. इस्त्रीच्या शर्टापुढे दोन्ही हातांत धरलेला पंचा, त्याचीच केलेली झोळी. देवळाकडे पाठ करून राहिलेला हा माणूस माधुकरी मागायला आला होता. तोंडानं काही म्हणत नव्हता. झोळी पुढे धरली होती, आणि नजर शकुबाईंच्या खांद्यावरून आत, घरात.

शकुबाईंनी भाकरी उचलली. बाराला दारात आलेला, वाढायलाच हवं. हात पुढे गेला आणि मध्येच थांबला. सासूची चापट आठवली. तरीही तोंडातून शब्द गेलेच.

"कोण तुम्ही?"

साताऱ्याची एक बाई चमकून मागे वळली. पुण्याच्या पोरांनी फोन खाली केले. या दारात असं कधी कुणी विचारलं नव्हतं.

"नाव तर तुम्ही लिहून घेतलंय, बाई," राजपाल हळूच म्हणाला.

"नाव इचारायले न्हाई मी. बाराची येळ हाय, देवाच्या दारात खोटं बोलू नका. कोण तुम्ही? कुणाला न्यायला आलाव?"

राजपालनं तोंड उघडलं. पण उत्तर त्याच्याकडून आलं नाही. ते शकुबाईंच्या पाठीमागून आलं.

"मी पंचशीला."

शकुबाई वळल्या. स्वयंपाकघराच्या दारात अक्का उभी होती. पदर डोक्यावरून घसरलेला, तो तिनं कानामागे खोचला आणि पुन्हा म्हणाली, हळू पण नीट, शाळेत हजेरी देतात तसं.

"मी पंचशीला. मेहकरची. ह्यो माझा दादा हाय."

राजपालच्या तोंडून "पंचू" एवढंच निघालं. झोळी त्याच्या हातून सुटली. तो जागचा हलला नाही, उंबऱ्याकडे नुसता बघत राहिला.

भाकरी अजून शकुबाईंच्या हातातच होती. पंचशीला. सीमेवरच्या गावांत नावावरून आळी कळते, घर कळतं, आजोबांनी कुठला धर्म सोडून कुठला घेतला तेही कळतं. शकुबाईंना कळलं. आणि पहिला विचार मनात आला तो चुलीचा. पाणी भरणाऱ्या बाईला आधी जात विचारून मग घागर उचलू देणारी त्यांची सासू, आणि तिच्या तोंडात शेवटचं पाणी घातलं ते कुणी, असला तो विचार. तो आला, हे शकुबाईंनी पुढे कधी कुणाला सांगितलं नाही. पण आला तो आला, आणि अक्का समोरून त्यांच्या चेहऱ्यावर तो वाचत होती.

"तुमच्या सासूबाईंनी इचारलं आसतं तर तोंड उघडलं त्याच दिशी सांगितलं आसतं, बाई," अक्का म्हणाली. "वाट बघितली मी. मग वाटलं, न्हाई इचारत त्येच बरं. इचारलं आसतं तर भाकर मिळाली आसती का न्हाई, कुणाला ठाव."

शकुबाईंना "मिळाली असती" असं म्हणायचं होतं. पण सासूच्या वतीनं खोटं बोलायची ही वेळ नव्हती, आणि त्या दिवसांतल्या स्वतःचीही त्यांना खात्री देता येईना. त्यांना रडू फुटलं. दारात माणसं उभी आहेत याचीही शुद्ध राहिली नाही, हमसून हमसून रडल्या.

मग त्यांनी डोळे पुसले, खाली पडलेला पंचा उचलून राजपालच्या हातात दिला आणि त्याला म्हणाल्या, "भिक्षा न्हाई मिळायची तुम्हाला. आत या. जेवायला बसा."

बाराला आलेल्याला उंबऱ्याबाहेरूनच वाढायचं असतं. तोही नियम त्या दिवशी गेला.

जेवताना एकेक गोष्ट बाहेर आली. पंचशीलाला मंठाळला दिलेली. पहिलं लेकरू जन्मल्या जन्मल्या गेलं आणि तिचं बोलणं बंद झालं. सासरी बुद्धाचा फोटो होता, पण तिच्या सासूच्या मनातलं जुनं काही पुसलं नव्हतं. तिनं गुपचूप गाणगापूरला आणून सोडलं आणि माहेरी सांगितलं की पोरगी पळून गेली. राजपालनं बीदर पालथं घातलं, लातूर, सोलापूर, पुणं बघितलं. बसवर कंडक्टर झाला तेव्हापासून चढणाऱ्या प्रत्येक बाईच्या तोंडाकडे बघून तिकीट फाडलं.

"अन् इथं आला न्हाईत? तीन घंट्यांवर?" शकुबाईंनी विचारलं.

राजपालनं मान खाली घातली. "धर्म घेतल्यापासून आमच्या घरातलं कुणी कुठल्या देवाच्या दारात गेलं न्हाई. आमचं माणूस गाणगापुरात आसंल, असं डोक्यातच आलं न्हाई, बाई. जिथं जायचंच न्हाई तिथं हुडकणार कसं? परवा आमच्यातला एक ड्रायव्हर इथं येऊन गेला. त्याच्या मोबाइलमधी ह्याच दारातल्या माधुकरीचा फोटू व्हता. त्यात पंचू खोचायची तसा पदर कानामागं खोचलेला दिसला."

"मग आल्या आल्या बोलला कामून न्हाईत? मला तुमचा किती संशय आला, ठाव हाय का?"

"मला बी तुमचा आला," तो म्हणाला. "फुकटात राबवायला ठेवलीय का, मारतेत का, काय माहीत. तुम्ही माझ्यावर नजर ठेवायलाव अन् मी तुमच्यावर. अन् दुसरं म्हंजे, नाव घेऊन हाक मारली आसती तर तुमच्या घरात तिची भाकर ऱ्हाईल का जाईल, त्ये कळत नव्हतं. म्हणलं, सांगायचं तर तिनंच सांगावं."

"मी तर पहिल्याच दिशी वळखलं," पंचशीला म्हणाली. "चालण्यावरनं. पण मला बी वाटलं, कुणीतरी इचारू दे."

राजपालनं पिशवीतून काढून दिलेलं फडकं तिनं सोडलं आणि चटणीचं बोट तोंडात घातलं. मग घास तसाच राहिला. "आईनं केलीय."

"व्हय. हाय अजून. दाराला कडी लावू देत न्हाई कुणाला."

शकुबाईंनी त्या दिवशी तिला वाढायला उठू दिलं नाही. स्वतः वाढलं, गुडघे दुखत असताना. "अक्का, भाकर" असं म्हणून थांबल्या, आणि जिभेला सवय नसलेलं ते नाव नीट उच्चारलं. "पंचशीला, भाकर घे." तिनं घेतली.

सकाळी ती हिरवं लुगडं नेसून निघाली. शकुबाईंनी डबा बांधून दिला, आणि राहा म्हणायचा आपल्याला हक्क नाही हे पुरतं कळत असताना विचारलंच, "परत येतीस न्हवं?"

"आईला बघते आधी. मग यीन," पंचशीला म्हणाली. "पण आता पाव्हणी म्हणून यीन, बाई. नाव सांगून."

शिवकन्या शाळेतून आली तेव्हा बोर्ड अजून भिंतीला टेकवलेलाच होता. शकुबाई त्याच्यासमोर बसून होत्या. "तुझ्या त्या शब्दाचा पहिला अर्थ खरा निघाला, पोरी," त्या म्हणाल्या. "या घरात अनोळखी कोण व्हतं, त्ये आत्ता कळलं. मीच वळख करून घेतली न्हाई तिची. लाव तो बोर्ड."

दुसऱ्या दिवशी बारा वाजता शकुबाई एकट्याच टोपली घेऊन दारात बसल्या. गल्लीतून एक बाई आली, अनवाणी, हातात जर्मनची वाटी. यात्रेकरू वाटत नव्हती. शकुबाईंनी तिला आख्खी भाकरी वाढली, वर वरण घातलं. ती वळायला लागली तसा त्यांनी तिच्या वाटीला हात लावून तिला थांबवलं.

"नाव काय बाई तुझं?"

समोरच्या दुकानातून भागम्मा ओरडलीच, "अगं शकक्का, देवाला नाव इचारतंय काय?"

"देव आसला तर त्याला बी नाव आसंल की," शकुबाई म्हणाल्या, आणि त्या बाईच्या तोंडाकडे बघत राहिल्या. "सांग बाई."